रिकाम्या जाळ्याची सकाळ

आजचा शास्त्रभाग : लूक ५:१-११



केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. अशा धरणात जाळं टाकायला होडीत दोघं लागतात. एक वल्हं मारतो, दुसरा जाळं सोडतो. जाळं सोडणाऱ्याचं लक्ष हातातल्या दोरीवर असतं, म्हणून पाण्यावर नजर वल्हेवाल्यालाच ठेवावी लागते. नदीचं जुनं पात्र कुठून जातं, पाण्याखाली झाडाची खोडं कुठं आहेत, हे त्याला ठाऊक हवं. खोडात जाळं अडकलं की फाटलंच. तो म्हणेल तिथं दुसऱ्यानं जाळं सोडायचं.

आजच्या भागात शिमोन पेत्राच्या होडीत येशू चढला. येशू मासे धरणारा नव्हता, सुताराच्या घरात वाढलेला. आणि वेळ कोणती? रात्रभर राबून हाती काहीच आलं नव्हतं. दमलेली माणसं काठावर जाळी धूत होती. प्रभूनं चढायला अशी रिकामी होडी निवडली, हे आज मनात ठेवू या.

आधी त्यानं थोडंच मागितलं : होडी काठापासून जराशी आत घे. तिथून तो लोकांना शिकवत बसला. मग मात्र खोल पाण्यात जायला सांगितलं. पेत्राला धंदा कळत होता. दिवसाउजेडी माशाला जाळं दिसतं, म्हणून तर रात्र जागायची. त्यातून जाळी नुकतीच धुतलेली! पेत्रानं रात्रीचं अपयश झाकलं नाही, प्रभूला सरळ सांगितलं. आणि तरीही त्याच्या शब्दाखातर जाळं सोडलं. मनातली शंका बोलून दाखवणं आणि ऐकणं, दोन्ही एकाच माणसाला जमतं.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात याच मांजरा धरणाचा तळ उघडा पडला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. धरणात पाणीच नाही तर जाळं टाकायचं कुठं? उचल घेऊन ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा महिने राबून येतं आणि हिशेबात उचल फिटलेलीच नसते. अशा घरात जाऊन “विश्वास ठेवा, जाळं भरेल” असं सहज बोलू नये. हा शास्त्रभाग तसं वचन देत नाही. त्या दिवशी होड्या बुडायला लागतील इतके मासे मिळाले, हे खरं. पण पेत्र, याकोब आणि योहान ते सगळं तिथंच सोडून येशूच्या मागं निघाले. मासे काठावर राहिले, सोबत प्रभू राहिला.

पुढं योहान २१ मध्ये पुन्हा तशीच रिकामी रात्र येते. पुन्हा जाळं भरतं. पण शिष्य काठाला लागतात तेव्हा निखाऱ्यांवर मासळी आणि जवळ भाकर आधीच तयार असते. त्यांचे मासे मोजायच्या आधीच प्रभूनं दमलेल्यांच्या न्याहारीची सोय केली होती.

आज करायचं ते एवढंच : आपल्या वस्तीत कुणाचं जाळं रिकामं आहे, ते बघा. उपदेश नको. जेवण घेऊन जा, शेजारी बसा, त्याचं ऐका.

प्रार्थना : प्रभू येशू, रात्र रिकामी गेली तरी आमच्या होडीत ये. खोल पाण्याची भीती वाटते, हे तुला सांगायचं धैर्य दे, आणि तुझ्या शब्दावर निघायचं बळ दे. आमेन.