बेडसे येथील टाके आणि केंद्र नसलेली रचना

रचनेला केंद्र असलेच पाहिजे काय, हा प्रश्न देरिदा यांनी १९६६ साली बाल्टिमोर येथील व्याख्यानात उपस्थित केला. केंद्राचा लोप म्हणजेच मुक्ती, असा त्याचा सोयीस्कर अर्थ पुढे समीक्षेत रूढ झाला. हा अर्थ तपासून पाहावयाचा तर समकक्ष संगणकांच्या, म्हणजे 'पीअर-टू-पीअर' जाळ्यांकडे वळावे. तेथे तत्त्वतः मध्यवर्ती सत्ता नसते. प्रत्येक संगणक दाताही असतो आणि याचकही.

२००० साली अवतरलेले 'नुटेला' हे असेच जाळे होते. त्याच वर्षी अदार आणि ह्यूबरमन यांनी केलेल्या पाहणीत आढळले, की जवळजवळ ७० टक्के वापरकर्ते इतरांना एकही फाइल देत नव्हते, आणि सुमारे निम्मी उत्तरे केवळ वरच्या १ टक्का दात्यांकडून येत होती. ही उतरंड कोणी योजिली नव्हती. असंख्य किरकोळ निवडींतून ती साकारली. परंतु योजक नाही म्हणून उत्तरदायित्वही नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. निव्वळ घेत राहणारा प्रत्येक जण तिचा अंशतः कर्ताच असतो.

२००१ साली ब्रॅम कोहेन यांनी 'बिटटॉरेंट' सिद्ध केले. जो देतो त्याला आधी द्यावे, हा त्याचा नियम. नियम न्याय्य खरा. पण नवागतापाशी देण्याजोगे काहीच नसते. चोख हिशेबाने तो कायमचा उंबऱ्याबाहेर राहील. म्हणून या प्रणालीत ठरावीक अंतराने, यदृच्छेने निवडलेल्या एखाद्या संगणकाला, त्याने काही दिलेले नसतानाही, वाटा मिळतो. परस्परतेवर उभी असलेली रचनादेखील हिशेबाबाहेरच्या दानावाचून नव्याला सामावून घेऊ शकत नाही, हे येथे ध्यानात येते.

अशा दानाचे जुने रूप मावळातच आहे. बेडसे येथील लेणी सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानली जातात. तेथील एक लेख नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा; दुसरा पाण्याच्या टाक्यावरचा, महारठिनी सामडिनिका हिच्या देणगीचा. हे साम्य मर्यादित आहे, हे मान्य केले पाहिजे. लेण्याला आराखडा होता, आणि दात्यालाही पुण्याची अपेक्षा असणारच. तथापि ते पुण्य पाणी पिणाऱ्याकडून वसूल करावयाचे नव्हते. परतफेड त्याच्याकडून नको, एवढ्यानेच देवघेवीची साखळी अनोळखी माणसासाठी खुली होते.

तेव्हा एखाद्या रचनेला केंद्र आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. रिकाम्या हाताने आलेल्याला तीत काय मिळते, हेही विचारले पाहिजे. साहित्यव्यवहारही याला अपवाद नाही: ज्याचा उल्लेख होतो त्याचाच उल्लेख वाढत जातो, आणि ती उतरंड कोणी रचली नाही असे म्हणत आपण सगळेच तिला हातभार लावीत असतो.