आजचं चिंतन : एका पैचा हिशेब



आज एकनाथ महाराजांच्या चरित्रातला सगळ्यांच्या ओळखीचा प्रसंग घेऊया. देवगिरीला गुरू जनार्दन स्वामींच्या सेवेत असताना हिशेबाचं काम नाथांकडे होतं. एकदा एका पैचा मेळ लागेना. नाथ रात्रभर दिव्याजवळ वह्या तपासत बसले. चूक सापडली, तेव्हा आनंदाने टाळी वाजवली! स्वामींनी सुचवलं, हीच एकाग्रता देवाकडे लाव.

यातून आपण ‘हिशेब सोडा, हरी धरा’ एवढंच घेतो. पण शिष्याची तयारी स्वामींनी ओळखली ती हिशेबाच्या वहीवरूनच ना? पदरची एक पै टाकून नाथांना झोपता आलं असतं. वही जुळली असती, पण खरी झाली नसती.

मी नाशकात बेदाण्याचा छोटा व्यवसाय करते. लक्ष्मीपूजनाला आपण वहीला हळद-कुंकू वाहतो. आणि मग वर्षभर? ‘सीए बघतो ना!’ म्हणून मोकळे. फोनवर पैसे जमा झाल्याचा आवाज आला की सगळे आपलेच वाटतात. पण त्यातला जीएसटी सरकारचा. अ‍ॅडव्हान्स, माल पोचेपर्यंत गिऱ्हाइकाचा. पॅकिंग करणाऱ्या ताईंची मजुरी त्यांची, बागायतदाराचं देणं त्याचं. हे सगळं वजा करून उरेल ते आपलं.

कुणी म्हणेल, ‘तुकोबांनी तर कर्जखतं इंद्रायणीत बुडवली!’ हो, पण परंपरा सांगते की धाकटे बंधू कान्होबांची अर्धी खतं त्यांनी आधी वेगळी काढून दिली. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. आपलं किती हे ठाऊक असेल, तरच त्याग करता येतो. दुसऱ्याचं सोडून देणं हा त्याग नव्हे.

म्हणून थकलेली उधारी मागायला लाजू नका. तुमच्या त्या पैशांवर कुणाची तरी मजुरी अवलंबून असते. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006 चा एमएसएमई कायदाच सांगतो. गोड बोलून, पण तारीख लावून मागा.

आजचा संकल्प तीन गोष्टींचा. धंद्याचं बँक खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवायचं. जीएसटीची रक्कम ज्या दिवशी आली त्याच दिवशी बाजूला काढायची. आणि रोज रात्री दहा मिनिटं जमा-खर्च, येणं-देणं स्वतःच्या हाताने लिहायचं.

मेळ लागला की खुशाल टाळी वाजवा. मग वही मिटून त्याच आसनावर, त्याच एकाग्रतेने पाच मिनिटं नाम घ्या. दुसऱ्याच्या पैशाचं ओझं नसलेलं मन नामात लवकर रमतं.

राम कृष्ण हरी!