पिशवी, पायताण आणि जमाखर्च

पिशवी कशासाठी असते, या प्रश्नाचं उत्तर आमच्या संगमेश्वरात शेंबडं पोरदेखील देईल. बाजारातून काहीतरी घरी आणण्यासाठी. आमच्याकडे पिशवीचे मुख्य प्रकार तीन. पहिली जुन्या पँटीच्या कापडाची, घरी शिवलेली. दुसरी तांदळाच्या पोत्याची, चेन लावलेली, ही एस.टी.च्या प्रवासाला. आणि तिसरी लग्नात नारळाबरोबर मिळालेली, जिच्यावर चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक अशी नावं छापलेली असतात. त्या जोडप्याचा मुलगा दहावीला बसला तरी पिशवी बाजारात हिंडतच असते. काही ठिकाणी तर संसारापेक्षा पिशवी जास्त टिकलेली मी पाहिली आहे.

अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाला मुंबईत शिकणाऱ्या आमच्या कन्येने दिवाळीच्या सुटीत मोबाईलवर एक पिशवी दाखवली. म्हणजे, दाखवली असं तिचं म्हणणं. मला एका बोटाचा फोटो दिसला आणि बोटावर धुळीचा कण. मी चष्मा पुसला, मग मोबाईल पुसला.

"बाबा, तो कण म्हणजेच हँडबॅग!" कन्या म्हणाली.

२०२३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ‘मिस्चिफ’ नावाच्या कलावंत मंडळींनी ही हँडबॅग घडवली. मापं ६५७, २२२ आणि ७०० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा या बॅगेची कुठलीही बाजू एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मिठाच्या कणाहून लहान. रंग पोपटी, आणि वर ‘लुई व्हिताँ’ या फ्रेंच पेढीची नक्षी, तीही पेढीला न विचारता. पाहायची सोय म्हणून सोबत सूक्ष्मदर्शक यंत्र. तयार करताना काही नमुने हरवले म्हणे. आमच्याकडेही पिशव्या हरवतात, पण त्या शेजारी मागून नेतात म्हणून. लिलावात या बॅगेला ६३,७५० डॉलर आले. त्या वेळच्या भावाने ५२ लाख रुपयांच्या आसपास.

सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "अहो, हिच्यात कोथिंबीर तरी मावेल का?"

या प्रश्नाला हसू नका. वस्तू वापरण्यासाठी असते की पाहण्यासाठी, यावर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत, सौ.ने तोच विषय एका जुडीत आणला. इथे तर पाहण्याचीसुद्धा नीटशी सोय नव्हती.

त्या रात्री कन्येने आमचं बरंच शिक्षण केलं. ‘बालेन्सियागा’ नावाची एक पॅरिसची पेढी आहे. तिने २०२२ साली कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची पिशवी १,७९० डॉलरला काढली, म्हणजे एक लाख चाळीस हजारांच्या घरात. कल्पना करा, आमच्या आळीत कचऱ्याची गाडी आली आणि सौ.ने चुकून ती तिच्यात टाकली, तर आमच्यावर नवीन कर्ज काढण्याची वेळ! त्याच पेढीने २०१७ साली निळी, चुरचुरणाऱ्या प्लास्टिकसारखी दिसणारी एक थैली २,१४५ डॉलरला विकायला ठेवली. ती हुबेहूब ‘आयकिया’ या स्वीडिश फर्निचरवाल्यांच्या निळ्या थैलीसारखी होती. त्यांची किंमत ९९ सेंट. आयकियावाले रागावले नाहीत. त्यांनी उलट ‘अस्सल थैली कशी ओळखावी’ अशी जाहिरातच काढली. हलवल्यावर चुरचुरली तर अस्सल. मातीत टाकून बागेतल्या नळीने धुता आली तर अस्सल. जग हसलं आणि आयकियाच्या थैलीची फुकटात जाहिरात झाली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी हा विषय बँकेत काढला. आमचे हेड कॅशियर तात्त्विक वृत्तीचे आहेत. सुट्ट्या नाण्यांचा संसर्ग. ते गरजले, "हे पाप आहे! जगात माणसं उपाशी मरतायत, आणि बावन्न लाखांची न दिसणारी पिशवी!"

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पापपुण्य आम्हांला अभ्यासक्रमात नव्हतं. राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा जिथे भेटतात तिथे किंमत ठरते, एवढं पाठ केलं होतं. कुणा लक्षाधीशाला मिठाचा खडा बावन्न लाखांना घ्यायचा असेल तर घेऊ दे. निदान तो सोसायटीच्या निवडणुकीला तरी उभा राहणार नाही. बावळटपणा हे पाप असतं तर आमच्या पाहुण्यांपैकी निम्मे नरकात जातील. तेव्हा किंमत अवाढव्य आहे, एवढ्यावरून कुणाला अनीतिमान ठरवणं मला जमलं नाही. पण मनाला काहीतरी टोचत होतं. काय टोचतंय ते दुपारी काउंटरवर कळलं.

आमच्या शाखेत सोनंतारण कर्जाला कायम गर्दी. भातलावणी, शाळेची फी, गणपती, सगळं त्यातूनच निघतं. दागिना आला की मूल्यांकन करणारे सराफ तो कसोटीला लावतात, काट्यावर ठेवतात, मग खडे वजा, लाख वजा, आणि घडणावळ? घडणावळ शून्य. सोनाराने महिनाभर मान मोडून काढलेली नक्षी बँकेच्या हिशेबी शून्य. त्या दुपारी एक आजी गंठण घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, सोनारानं येवडी नक्षी केलान, तिचं कायच नाय?"

मी म्हणालो, "आजी, बँक फक्त सोनं बघते."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बँकेत माल म्हणजे सर्व काही आणि घडणावळ शून्य. फॅशनच्या दुनियेत माल शून्य आणि नाव म्हणजे सर्व काही. आम्ही कॉलेजात हिशेब शिकताना याला ‘गुडविल’ म्हणायचो. हात लावता येत नाही, पण ताळेबंदात बसतं. नावाने किंमत वाढते हे खरं असलं, तरी ते सगळ्यांना लागू नाही. आम्हा क्लार्कांना हल्ली ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. आमची वाढलेली नाही. सांगायचा मुद्दा असा की दोन्ही दुकानं एकमेकांच्या उलट चालतात आणि तरी दोघांच्याही काट्यावरून एक वस्तू निसटते. ती म्हणजे ज्याने बसून वस्तू केली त्याचा हात.

याचा पुरावा परदेशात शोधायला नको. देवरुख, साखरपा करत आंबा घाट चढलं की पलीकडे कोल्हापूर. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात ‘प्राडा’ या बड्या पेढीने पुरुषांच्या कपड्यांचा तमाशा, म्हणजे फॅशन शो, केला. त्यात गोरेगोमटे तरुण पायांत चक्क कोल्हापुरी घालून चालले. तोच अंगठा, तेच पट्टे, तीच वेणी. आपल्याकडच्या पाटलांच्या पायांत जशी करकरते तशी ती तिथे करकरली की नाही, ठाऊक नाही. मात्र माहितीपत्रात तिचं वर्णन ‘चामड्याच्या सँडल’ एवढंच. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, हिंदुस्थानही नाही.

आता ही चप्पल काय आहे बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, खिळा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिलं. कापशी, बक्कलनाळी, पुकरी, कचकडी अशी तिच्या जातींची नावं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमाप्रश्नात जे जमलं नाही ते पायताणाने जमवलं. पण या मानांकनात गंमत अशी की ते मुख्यतः नावाला कुंपण घालतं. बनावट माल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकलात तर पकडले जाल. नावच घेतलं नाहीत तर? तर ती फॅशन! मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली, तीही जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. याचिका करणारे मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

हेड कॅशियर माझ्या बाजूला येतील असं वाटलं होतं. पण तात्त्विक माणसाचा भरवसा नाही. ते म्हणाले, "अहो, उचलाउचल कोण करत नाही? आपला हापूस बघा. कलम बांधायची कला पोर्तुगीजांची. काजू त्यांनीच ब्राझीलहून आणला. बटाटा तर शब्दासकट त्यांचा. आपण काय त्यांना पैसे पाठवतो?"

मुद्दा बिनतोड होता. मी दोन घास गप्प खाल्ले. मग लक्षात आलं की उत्तर त्यांनीच दिलं आहे. हापूस हे नाव कुठून आलं? अफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराच्या नावावरून, असं मानतात. चारशे-पाचशे वर्षं झाली, पोर्तुगीज गेले, आणि कोकणी माणूस दरवर्षी पेटी भरताना त्यांचं नाव घेतो. उच्चार बिघडला असेल, नोंद बिघडली नाही. उसनं घेण्यात कमीपणा नाही. उसनं घेणं बंद झालं तर मिसळीत मिरचीसुद्धा उरणार नाही, तीही परदेशी. घेताना कुणाचं घेतलं ते सांगावं, एवढंच.

आणि कुणाकडून घेतलं यानेही फरक पडतो. निळी थैली उचलली ती एका कुबेराने दुसऱ्या कुबेराची. त्याला स्वतःचं नाव होतं, वकील होते, जाहिरात काढायला पैसे होते, म्हणून त्याला हसणं परवडलं. बसकुरावर बसून वादी ओवणाऱ्या माणसाने आणि त्याच्या शेजारी वेणी घालणाऱ्या त्याच्या बायकोने कोणती जाहिरात काढायची? विनोद बरोबरीच्यांत शोभतो. खालच्या पायरीवरच्या माणसाचं काही उचलून केलेल्या विनोदाला आमच्याकडे निराळा शब्द आहे.

प्राडावाल्यांच्या बाबतीत न्यायाने सांगायला हवं. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी प्रेरणा भारतीय असल्याचं महाराष्ट्र चेंबरला लिहून कळवलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांबरोबर करायचे आणि सुमारे ८०० युरोंना, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर, एक जोड विकायचा असं जाहीर झालं. उशिरा का होईना, जमेची पावती फाटली.

पण सगळं खापर मिलानवर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आमच्या कसब्यात कर्णेश्वराचं देऊळ आहे, चालुक्यांच्या काळातलं. कर्ण नावाच्या राजाने बांधलं असं सांगतात. तो कोल्हापूरकडून आला होता, अशीही परंपरा आहे. खांब बघा, छताची नक्षी बघा, मान दुखेपर्यंत बघा. राजाचं नाव देवाला लागलं आणि देवाच्या नावाने टिकलं. छिन्नी धरणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. म्हणजे नाव वरच्याचं आणि हात खालच्याचा, हा रिवाज इटलीहून आलेला नाही. जून महिन्यात ज्यांनी ज्यांनी मोबाईलवर संतापाचं स्टेटस ठेवलं होतं, त्यांच्यापैकी किती जणांना आपल्या पायांतली चप्पल कुणी शिवली ते सांगता येईल? दुकानाचं नाव सांगतील. शिवाय तिथे पन्नास रुपये कसे कमी करून घेतले तेही.

कॉलेजात हिशेबाचा पहिला नियम शिकवला होता: लाभ घेणाऱ्याचं खातं नावे, लाभ देणाऱ्याचं खातं जमा. तेव्हा तो परीक्षेपुरता वाटला. वीस वर्षं काउंटरवर बसल्यावर वाटतं, नीतिशास्त्रात याहून फारसं काही नसावं. रकमेला किती शून्यं असावीत, हा घेणाऱ्याच्या खिशाचा आणि अकलेचा प्रश्न. बावन्न लाख लिहा नाहीतर बावन्न रुपये लिहा, क्लार्कची तक्रार नाही. जमेची ओळ मात्र कोरी ठेवता येत नाही. ती कोरी असली तर जगातल्या कुठल्याही बँकेचा दिवस बंद होत नाही आणि कॅशियरला घरी जाता येत नाही.

घडणावळीला बँक पैसे देत नाही. तो नियम बदलणं माझ्या हातात नाही. पण त्या आजींना मी विचारलं, "गंठण कुणी घडवलं?" त्यांनी सोनाराचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, दोघांची पेढी कोणत्या आळीत होती तेही सांगितलं. मागे रांग खोळंबली होती. अर्जात या माहितीला रकाना नव्हता, आणि तरी आजी जरा ताठ मानेने पैसे मोजून गेल्या. तेव्हा पुढच्या वेळी चप्पल घ्याल तर ती कुणी केली एवढं विचारा. चपलेवर जीएसटी आहे, नाव विचारण्यावर अजून नाही.