उघडी विद्या आणि तिचें ऋण

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं वैजापुरास आमच्या बहिणीकडे गेलों असतां तिच्या मुलानें केलेलें एक लहानसें यंत्र पाहण्यांत आलें. कांद्याच्या चाळींत उष्मा व दमटपणा वाढूं लागला कीं घरांत तांबडा दिवा लागतो. कांदा सडण्यापूर्वीं माणसांस सावध करावें हा हेतु. कौतुक चाललें असतां एक वृद्ध शेजारी म्हणाले, "बाळ, ही युक्ति कोणास सांगूं नकोस बरें. गांवांत चाळी पुष्कळ आहेत. विकलीस तर चार पैसे मिळतील." मुलगा थोडा घुटमळला आणि आम्हांकडे वळून म्हणाला, "पण मामा, ही युक्ति माझी आहे का?"

प्रश्न लहान मुलाचा असला तरी लहान नव्हे. त्या यंत्रांतील बोर्ड आर्डुइनो ह्या नांवाचा. इटलींतील इव्रिया येथें २००५ सालीं कांहीं मंडळींनीं नवशिक्यांसाठीं तो तयार केला आणि त्याचा आराखडा सर्वांस मोकळा ठेविला. दमटपणा मोजणारी आज्ञावलीही कोणा अनोळखी माणसानें लिहून लोकांस दिलेली. मुलाचें स्वतःचें काय, तर ह्या साऱ्याची कांद्याच्या चाळीशीं घातलेली सांगड. ती मात्र खरोखरच त्याची आहे.

मग श्रमाचें मोल घेऊं नये काय? अवश्य घ्यावें. शेजाऱ्यांचा सल्ला तेवढ्यापुरता बरोबर आहे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं मुक्त आज्ञावलींचें कार्य आरंभिलें व १९८९ सालीं त्याचा प्रसिद्ध परवाना निघाला. त्यांतही विक्रीस मनाई नाहीं. अट इतकीच कीं, जो आज्ञावली दुसऱ्यास देईल त्यानें तिचें मूळ लिखाणही त्यास उपलब्ध करावें, आणि जी मोकळीक आपणांस मिळाली ती पुढच्यास नाकारूं नये. पैसे घेणें निराळें आणि वाट बुजविणें निराळें.

परंतु परवान्याचा हात फार दूर पोंचत नाहीं. चाळीची सांगड मुलानें मनांतच ठेविली तर त्यास जाब विचारणारा कोणी नाहीं. अशा ठिकाणीं आपल्याकडे एक जुना शब्द आहे: ऋषिऋण. हें ऋण ऋषींस परत करितां येत नाहीं. अध्ययनानें व अध्यापनानेंच तें फिटतें. इटलीच्या त्या मंडळींस वैजापूरच्या मुलानें काय पाठवावें? शेजारच्या चाळीचा मुलगा मात्र शिकण्यास उत्सुक आहे. फेड तेथें करावयाची. गायकीच्या कित्येक घराण्यांत पूर्वीं चिजा झांकून ठेवीत. पंडित भातखंडे यांनीं त्या जमवून क्रमिक पुस्तकमालिकेंत छापिल्या, तेव्हां गाणें उणें झालें नाहीं, शिकणारे वाढले.

तथापि मोकळी विद्या म्हणजे बेवारस विद्या नव्हे. आर्डुइनोच्या आधीं त्याच संस्थेंत एर्नांदो बारागान ह्या कोलंबियाच्या विद्यार्थ्यानें 'वायरिंग' ही रचना केली होती व तिच्यावरच पुढचें काम उभें राहिलें. आपणांस पुरेसें श्रेय मिळालें नाहीं, ही खंत त्यानें मागाहून जाहीरपणें सांगितली. घेण्याची मुभा मिळाली म्हणून देणाऱ्याचें नांव पुसण्याची मुभा मिळत नाहीं.

हें लिहितांना आम्हांस आमचीच एक गोष्ट टोंचते. पूर्वीं लोकांच्या मोफत पाठांवरून शिकून आम्हीं एक जुना संगणक लिनक्स घालून चालता केला होता. शेजाऱ्यानें रीत विचारिली, तेव्हां "तें फार अवघड आहे" म्हणून वेळ मारून नेली. तें अवघड नव्हतें. जाणत्याचा मान सोडवत नव्हता, इतकेंच. म्हणून भाच्यास उत्तर देण्याचा अधिकार आमचा नव्हता, आणि त्यास त्याची गरजही पडली नाहीं. त्यानें सारा आराखडा वहींत मराठींत उतरून काढिला आणि ज्यांचें घेतलें त्यांचीं नांवें पहिल्या पानावर लिहिलीं. ती वही सध्यां शेजारच्या मुलाकडे आहे. परत येईल तेव्हां तींत एखादी दुरुस्ती असेल, अशी भाच्यास आशा आहे.