चिठ्ठीवरची कोरी जागा

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या पूर्वेला, सेजब्रशच्या कोरड्या माळावर एक निवृत्त शिक्षिका राहत. ओरेगॉन स्टेट विद्यापीठ राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कॉर्वॅलिसला. तिथे २०१८ साली राज्यातल्या मूळच्या मधमाश्यांची नोंद करणाऱ्या ‘ओरेगॉन बी ॲटलस’चं काम सुरू झालं, आणि पुढे बाई घरबसल्या त्याचे धडे गिरवून स्वयंसेवक झाल्या.

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. पण मधाची ती माशी अमेरिकेत सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी नेलेली. तिथल्या मूळच्या माश्यांच्या जाती हजारोंनी आहेत. बहुतेक एकेकट्या राहतात, जमिनीत बीळ करून अंडी घालतात. कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय ओळखूच येत नाहीत, म्हणून त्या माराव्या लागतात. ही लहान गोष्ट नव्हे.

शेजारचा मुलगा जाळं फिरवण्यात पटाईत. बाईंचा नियम एकच: एका झाडाच्या फुलांवरच्या माश्या एका कुपीत, सोबत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. एका संध्याकाळी घाईघाईत त्याने सगळ्या कुप्या एकाच डबीत रिकाम्या केल्या.

“फुलं साधारण आठवतात मला, बाई. अंदाजाने लिहू. कॉर्वॅलिसहून बघायला कोण येतंय?”

बाई माशीला टाचणी लावत होत्या. छातीच्या मधोमध नाही, किंचित उजवीकडे, म्हणजे दुसरी बाजू तरी धड राहते. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “कुणीच येणार नाही. म्हणून तर.”

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “आपल्याच राज्याच्या दक्षिणेला फ्रँकलिन बंबलबी होती. रॉबिन थॉर्प यांनी तिचा वर्षानुवर्षं माग काढला. २००६नंतर ती दिसलीच नाही. शोधायचं कुठे, हे तरी कशावरून कळलं? जुन्या नोंदींवरून. त्या कुणी अंदाजाने लिहिल्या असत्या तर? या माशीचा जीव आपण घेतलाय. तिच्याखाली खोटं लिहायचं नाही.”

त्या रात्री प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आली, ठिकाण आलं. फुलाची जागा कोरी राहिली. दिवसभराची मेहनत वाया गेली म्हणून मुलगा फुरंगटून बसला.

पुढच्या शनिवारी त्याच्या जाळ्यात एक चकाकती हिरवी माशी सापडली. खिसे चाचपले, तर चिठ्ठ्या घरी. त्याने जाळं उलटं केलं. माशी उडाली.

“अरे, सोडलीस का?” मागून बाईंनी विचारलं.

“चिठ्ठ्या नाहीत,” म्हणत तो घराकडे पळाला.