दाम पोचत नाही तिथे

कापसाचा बोळा, थोडं पातळ व्हिनेगर आणि एक चांगला दिवा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याची चाहूल घ्यायला एवढं साहित्य पुरतं. तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिडचं द्रावण गर्भाशयमुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. पेशींमध्ये बिघाड सुरू झाला असेल तर तेवढाच भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो. प्रयोगशाळा लागत नाही, रिपोर्टसाठी पुन्हा खेप घालावी लागत नाही. तो भाग गोठवण्याचा उपचार त्याच भेटीत करता येतो आणि बाई संध्याकाळी आपल्या घरी असते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या ही तपासणी करू शकतात आणि तिच्यामुळे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात, हे त्यांनी २०१३ मध्ये जगापुढे मांडलं.

हीच तपासणी लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेच्या डोंगरांत, कॉफी पिकवणाऱ्या बायकांपर्यंतही पोचली. ती नेली कॉफी विकणाऱ्यांनी जमवलेल्या पैशाने. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला डॅन कॉक्स हा कॉफी व्यावसायिक एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांबरोबर मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात गेला होता. वेळीच तपासणी झाली असती तर टळला असता अशा कॅन्सरने तिथल्या बायका मरत आहेत, हे दोघांच्या ध्यानात आलं. त्यातून ‘ग्राउंड्स फॉर हेल्थ’ ही संस्था उभी राहिली. कॉफी भाजणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांनी देणग्या दिल्या. कुणी कच्च्या बियांची पोती दान केली, त्यांचा लिलाव झाला, आलेला पैसा तपासणीकडे गेला. गावागावांत निरोप पोचवायचं काम कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी उचललं. ज्या वाटेने पोती डोंगर उतरतात, त्याच वाटेने बायकांसाठीचा निरोप डोंगर चढला.

हे वाचलं तेव्हा आधी मन भरून आलं आणि मग एक प्रश्न टोचू लागला. ज्या बाईच्या हाताने खुडलेल्या फळावर इतक्यांची दुकानं चालतात, तिच्या जिवाची काळजी वर्गणीवर का अवलंबून असावी? तिच्या मालाला नीट भाव मिळाला असता तर ही झोळी फिरवावी लागली असती का?

हा प्रश्न जुना आहे. १९८८ या एकाच वर्षी त्याला दोन निरनिराळी उत्तरं दिली गेली. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातला कॉफी विक्रेता बिल फिशबाइन ग्वाटेमालाला जाऊन आला. ज्या मालावर आपलं पोट चालतं तो पिकवणाऱ्यांचं दारिद्र्य त्याने तिथे पाहिलं, परत येऊन ‘कॉफी किड्स’ ही संस्था काढली आणि आपल्या व्यवसायबंधूंकडे मदत मागायला सुरुवात केली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवलार’ या शिक्क्याची कॉफी बाजारात आली. जावा बेटावरच्या कॉफीच्या सक्तीच्या लागवडीतला जुलूम उघडा करणाऱ्या, १८६० च्या डच कादंबरीच्या नायकाचं हे नाव. त्या शिक्क्यामागे वाहाकातल्याच ‘उसिरी’ या आदिवासी कॉफी उत्पादकांच्या संघाचं आणि त्यांच्यात राहणाऱ्या फ्रान्स व्हान देर हॉफ या डच धर्मगुरूचं म्हणणं होतं. देणग्यांबद्दल आभार आहेतच, पण आमच्या कॉफीला रास्त भाव द्या, म्हणजे तुमच्यापुढे हात पसरायची वेळच आमच्यावर येणार नाही, असं ते म्हणणं.

मराठी माणसाला हे परकं वाटणार नाही. त्याच दशकाच्या सुरुवातीला, १९८० मध्ये, चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशींची शेतकरी संघटना पुढे आली आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ हा नारा गावोगावच्या भिंतींवर चढला. वाहाकातला कॉफीवाला आणि चाकणचा कांदेवाला यांची कधी गाठ पडली नाही. तरी दोघे एकच गोष्ट मागत होते, कारण दोघांचं दुखणं एकच होतं.

ते दुखणं आकड्यांत मांडता येतं. महाराष्ट्रात कॉफीचा विषय निघाला की चिखलदऱ्याचं नाव येतं. तिथे एका हिवाळ्यात कॉफीची झाडं अगदी जवळून पाहिली. एकाच फांदीवर, एकाच घोसात एक फळ हिरवं, एक पिवळसर, एक गर्द लाल. ओरबाडून चालत नाही. लाल तेवढंच चिमटीत धरून खुडायचं, बाकीच्यांसाठी पुन्हा यायचं. एका फळात बहुधा दोन बिया. कडक कॉफीच्या एका कपाला १८ ग्रॅम पूड लागते असं धरलं, तर भाजलेल्या सुमारे १४० बिया होतात. म्हणजे एका कपासाठी ७० फळं, एकेक करून खुडलेली. एक किलो कच्ची बी मिळायला पाच-सहा किलो फळं लागतात आणि भाजल्यावर त्या किलोतून असे पंचेचाळीसच्या आसपास कप निघतात.

आता भावाकडे पाहू. १९६२ पासून कॉफी पिकवणाऱ्या आणि पिणाऱ्या देशांमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार होता. कुणी किती माल निर्यात करायचा याचा कोटा ठरलेला असल्यामुळे भाव फार कोसळत नसे. जुलै १९८९ मध्ये ही कोटा पद्धत मोडली आणि काही महिन्यांतच भाव जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे ब्राझील आणि व्हिएतनामचं उत्पादन वाढत गेलं आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाचा दर ५० सेंटच्या खाली गेला. त्या दराने एका कपातल्या बियांची किंमत होते जेमतेम अडीच सेंट, आणि तीही बाजारातली. अडते, वाहतूक, सोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती याहून कमीच पडायचं. निकाराग्वात मातागाल्पाच्या परिसरातले मळे बंद पडले आणि काम गेलेली मजुरांची कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला येऊन बसली. कॉफी पिणाऱ्या शहरांत मात्र कपाची किंमत खाली आली नाही.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. पडेल भावाने माल उचलायचा आणि मग त्याच नफ्यातला चिमूटभर भाग दान म्हणून परत करायचा, हे मला मान्य नाही. ते देणं नव्हे, थकबाकीतला एक हप्ता चुकवणं आहे, आणि हप्ता भरणाऱ्याने पाकिटावर हसऱ्या मुलाचा फोटो छापू नये. दाम आधी. ही पायरी चुकली की पुढचं सगळं पुण्य कमी पडतं.

पण दाम दिलं की प्रश्न मिटतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते खरं नाही, हे कॉफीनेच मला शिकवलं.

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले कॉफी शेतकरी वर्षातल्या काही महिन्यांना ‘लोस मेसेस फ्लाकोस’ म्हणतात. हडकुळे महिने. तोडणी हिवाळ्यात, पैसा येतो तो तेव्हाच. त्यात मागची उधारी फिटते, थोडं धान्य भरलं जातं, आणि पावसाळा येईतो डबा रिकामा. नवा मका अजून शेतात उभा, दुकानातला मका महाग, रस्ते चिखलाने बंद. ग्रीन माउंटन या अमेरिकी कॉफी कंपनीने एका आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेकडून निकाराग्वा, ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतल्या आपल्या पुरवठादार कुटुंबांच्या मुलाखती करवून घेतल्या. त्यातल्या ६७ टक्के कुटुंबांनी सांगितलं की वर्षातले तीन ते आठ महिने आम्हाला नेहमीचं जेवण परवडत नाही. विशेष म्हणजे चांगला भाव मिळणारी, सहकारी संस्थांत असलेली कुटुंबंही यातून सुटलेली नव्हती.

याचं कारण भावाच्या पलीकडचं आहे. ज्याच्याकडे एक-दीड हेक्टर जमीन, त्याच्याकडे विकायला पोतीच मोजकी. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कचा दर पौंडाला चार डॉलरच्या वर गेला, पण ज्याच्या झाडांना फळच धरलं नाही त्याला चार डॉलरांचं काय! २०१२-१३ मध्ये तांबेऱ्याने मध्य अमेरिकेतले मळे झोडपले. पानं गळाली, झाडं उपटावी लागली. नवं रोप फळायला तीनएक वर्षं घेतं. त्या तीन वर्षांत बाजारभाव कितीही असो, घरात येणारं शून्यच. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या मजुराच्या घरापर्यंत वाढलेला दर पोचता पोचता आटून जातो.

बाईचं तर आणखी वेगळं. खुडणं, निवडणं, वाळवणं यात तिचे हात असतात. सभासद म्हणून नाव मात्र बहुतेक वेळा घरधन्याचं, म्हणून पैसाही त्याच्याच हाती. दर दुप्पट झाला तरी त्यातून डोंगरावर दवाखाना उगवत नाही आणि कापसाचा बोळा धरणारी प्रशिक्षित परिचारिकाही येत नाही. अशा ठिकाणी दामाचा हात तोकडा पडतो. दानाची खरी जागा तिथेच आहे.

‘कॉफी किड्स’ची पुढची वाटचाल मला म्हणूनच मोलाची वाटते. संस्था मुलांच्या मदतीपासून निघाली. मग तिने गावातल्या लोकांना विचारलं की तुम्हाला काय हवंय. उत्तरांनी कामाची दिशाच बदलली. मेक्सिको आणि ग्वाटेमालात बायकांचे बचतीचे गट उभे राहिले, अगदी आपल्याकडच्या बचत गटांसारखे. कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी छोटं दुकान टाकलं, कुणी परसात भाजी लावली. हेतू असा की एका कॉफीवरच घर टांगलेलं राहू नये. यातली मोठी गोष्ट सहज नजरेआड होते. कॉफीवर जगणाऱ्या व्यापाऱ्यांनी पैसा जमवला तो शेतकऱ्याचं कॉफीवरचं अवलंबन कमी व्हावं म्हणून. जो अडला आहे तो पडेल भावानेही विकतो. ज्याच्या घरात चार महिन्यांची बेगमी आहे तो दाराशी आलेल्या दलालाला उद्या ये म्हणू शकतो. आपल्याला माल विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची ताकद यावी म्हणून त्याला पैसे देणं, हे दानाचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक रूप आहे. त्यातून देणाऱ्याला फायदा तर नाहीच, उलट त्याची सोय जाते.

आपल्याकडे आगोटीच्या आधी घरोघर बेगमी व्हायची. तांदूळ, डाळी, सुकी मासळी, मिरची, कोकम. पाऊस चार महिने दार अडवणार हे गृहीत धरून घर सज्ज व्हायचं. मध्य अमेरिकेतल्या कॉफीवाल्या गावांत मधमाशांच्या पेट्या, परसबागा आणि धान्य साठवण्यासाठी वर्गणीचा पैसा जातो, तो याच शहाणपणासाठी.

मग चांगलं दान ओळखायचं कसं? माझ्यापुरता मी एकच निकष लावते: निर्णय कुणाचा? ‘मॅक्स हॅवलार’सारख्या शिक्क्यांच्या, म्हणजे फेअरट्रेडच्या, व्यवहारात किमान भावाखेरीज पौंडामागे २० सेंट वेगळे दिले जातात. धुतलेल्या अरेबिका कॉफीचा हा किमान भाव २०२३ मध्ये १.४० वरून १.८० डॉलरवर नेला गेला. वरच्या २० सेंटांचं काय करायचं हे सहकारी संस्थेचे सभासद आपल्या सभेत ठरवतात. कुठे शाळेचं छप्पर, कुठे रस्ता, कुठे वाळवणीचं अंगण. रक्कम मोठी नाही, पण तिच्याबद्दल वाद घालण्याचा हक्क मोठा आहे. परदेशातल्या कार्यालयात बसून ‘यांना वह्या देऊ’ असं ठरवणं आणि गावाने सभेत हात वर करून ‘आधी पाण्याची टाकी’ म्हणणं, यांत खर्च कदाचित सारखाच होईल. फरक माणसाच्या पाठीच्या कण्यात पडतो.

चिखलदऱ्याच्या त्या झाडांपाशी उभं असताना खाली मेळघाट पसरला होता. तिथल्या कोरकू वाड्यांवरच्या कुपोषणाच्या बातम्या १९९० च्या दशकापासून आपण वाचतो आहोत, आणि पावसाळा हाच तिथला सगळ्यात अवघड काळ. म्हणजे हडकुळे महिने आपल्याही घरात आहेत. दुष्काळ पडला की आपल्याकडे निधी उभे राहतात, नाटकांचे प्रयोग होतात, शाळकरी मुलं डबे घेऊन फिरतात. या सगळ्याबद्दल मला आदर आहे. पण कापसाचा, कांद्याचा, तुरीचा भाव पडतो तेव्हा आपण ग्राहक म्हणून ‘स्वस्ताई झाली’ म्हणतो, आणि तोच शेतकरी मोडून पडला की दाते होतो. वाहाकाच्या संघाने देणाऱ्यांना जे बजावलं, चाकणच्या शेतकऱ्यांनी सरकारला जे बजावलं, ते आपल्यालाही उद्देशून आहे.

म्हणून कॉफीवाल्यांच्या वर्गणीला मी नाक मुरडणार नाही. तिच्यामुळे डोंगरातल्या एखाद्या बाईच्या तपासणीत मिनिटभरात एक पांढरा डाग दिसला, त्याच दिवशी त्यावर उपचार झाला आणि ती पुढच्या तोडणीला आपल्या लेकीबरोबर मळ्यात गेली. तिने खुडलेल्या ७० फळांचं मोल आपण चोख मोजलेलं असेल, तर तिच्या दवाखान्यासाठी दिलेले पैसे ताठ मानेने देता येतील, आणि तिलाही ते ताठ मानेने घेता येतील.