मुलांना डंकर्कची गोष्ट सांगण्याआधी

गोष्ट मुलांना सांगायची आहे. त्याआधी आपणच जरा तिच्यात थांबू या. सैल बसा. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या.

आता उत्तर फ्रान्सचा किनारा मनात आणा. डंकर्क. 1940 सालचा मे महिना सरत आलाय. दुसरं महायुद्ध चालू आहे. जर्मन फौजांनी कोंडीत पकडलेलं ब्रिटिश आणि मित्रदेशांचं सैन्य सुटकेची वाट पाहत वाळूवर उभं आहे. पाणी इतकं उथळ की मोठी जहाजं काठाला लागत नाहीत. माणसं छातीभर पाण्यात रांग लावून तासन्‌तास उभी आहेत. तुम्हीही त्या रांगेत उभे राहा. लहान मुलांना रांग कळते, ताटकळणं कळतं. वरून बॉम्ब पडत होते, तेही सांगा. जखमांची वर्णनं मात्र नकोत.

आता नजर पलीकडे, इंग्लंडच्या काठाकडे न्या. तिथे चार्ल्स लाइटोलर आहेत, वय 66. टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर अधिकारी होते. बायका-मुलांना होड्यांत बसवत होते. त्यांचा धाकटा मुलगा, वैमानिक, या युद्धाच्या सुरुवातीलाच गेलाय. अडकलेल्या सैनिकांना आणायला ब्रिटिश आरमाराला त्यांची ‘सनडाउनर’ नौका हवी आहे. ते म्हणतात, नौका मीच नेणार. 1 जूनला थोरल्या मुलाला, रॉजरला, आणि एका तरुण सी स्काउटला घेऊन ते निघतात. परत येतात तेव्हा 58 फुटी नौकेत सुमारे 130 सैनिक दाटीवाटीनं बसलेले असतात.

आकड्यावर रेंगाळू नका. निघण्याच्या क्षणापाशी थांबा. एक मुलगा गमावलेला बाप दुसऱ्याला सोबत घेऊन त्याच युद्धात शिरतोय. हे सावकाश मनात उतरू द्या.

मूल विचारेल, “त्या आजोबांना भीती नाही वाटली?” चटकन “नाही” म्हणू नका. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला वाटेल, शूर होणं आपलं काम नव्हे. म्हणा, “भीती वाटली तरी निघता येतं.”

“सगळे वाचले?” याचंही खरं उत्तर द्या. 3,38,226 सैनिक सुटले. हजारो मागे राहिले, कैद झाले. एवढी माणसं परत आली तरी अशा माघारीनं युद्ध जिंकलं जात नाही, असं ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनीही तेव्हाच बजावलं होतं.

शेवटी एकच विचारा: “तू रांगेत असतास, तर आधी कुणाला चढू दिलं असतंस?” “मीच चढलो असतो,” असं उत्तर आलं तर रागावू नका. ते प्रामाणिक आहे, आणि पाण्यातल्या प्रत्येकाला तसंच वाटलं असणार. मग विचारा, तरीही ते रांगेत का उभे राहिले असतील?